झोपेतला श्वसनदर: घड्याळाच्या आकड्यावर किती विसंबायचं?

चाफेकळी:
बाबांच्या (वय ६२) मनगटावर ॲपल वॉच सिरीज ९ आहे, आईकडे गार्मिन. दोघांच्याही ॲपमध्ये झोपेतला श्वसनदर दिसतो. बाबांचा बहुतेक रात्री १५-१६, पण अधूनमधून १९-२० वर जातो, आणि आलेखात एखादा ठिपका थेट ८ वर किंवा २६ वर. आईचा १३ च्या आसपास. बाबांना बीपीसाठी मेटोप्रोलॉलची गोळी चालू आहे आणि घोरणं असं की शेजारच्या खोलीत ऐकू येतं.

माझे प्रश्न: घड्याळ छातीला लावलेलं नसताना श्वास मोजतं कसं? १९-२० झाला की काळजी करायची का? आणि मुख्य म्हणजे, घोरताना श्वास अडकतो की नाही हे या आकड्यावरून कळेल का? सेटिंगमध्ये काही तपासायचं असेल तर तेही सांगा.

तरंगलांबी:
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. दोन घड्याळांच्या पद्धती मुळातच वेगळ्या आहेत, त्यामुळे आईच्या १३ ची तुलना बाबांच्या १६ शी करू नका.

ॲपल वॉच श्वास मोजतं ते हालचालीच्या सेन्सरने, म्हणजे ॲक्सेलरोमीटरने. झोपलेला माणूस स्थिर दिसतो, पण प्रत्येक श्वासाबरोबर छाती-खांद्याची सूक्ष्म हालचाल हातातून मनगटापर्यंत पोचते. मिनिटाला १५ श्वास म्हणजे चार सेकंदांना एक लाट. ॲप ही संथ लाट वेगळी काढतं. हात पोटावर किंवा छातीवर असेल तर लाट ठळक, पलंगाखाली लोंबकळत असेल तर जवळजवळ नाहीच. कोणी विचारण्याआधी सांगतो: छताच्या पंख्याने घोळ होत नाही. पंखा मिनिटाला तीनशेच्या वर फिरतो, म्हणजे सेकंदाला पाचेक फेऱ्या. श्वासाच्या लाटेपासून ते इतकं दूर आहे की सहज गाळलं जातं. स्लीपर बसमध्ये मात्र सगळ्याच वेगांचे हिसके बसतात. प्रवासातल्या रात्रीचा आकडा सरळ सोडून द्या.

गार्मिन, फिटबिट वगैरे हिरव्या दिव्याने नाडी बघतात आणि श्वास नाडीतून काढतात. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. दोन ठोक्यांमधल्या अंतराचा आलेख काढला की त्यात श्वासाची लाट दिसते. ही पद्धत छान आहे, पण तिला तीन ठिकाणी ठेच लागते.

एक, एट्रियल फिब्रिलेशन. ठोकेच अनियमित पडत असतील तर लाट शोधायची कुठे? मध्येच जादा ठोके पडणाऱ्यांचं आणि पेसमेकरवाल्यांचंही तेच. दोन, वय आणि जुना मधुमेह. दोन्हींमुळे ठोक्यांमधला हा चढउतार मुळातच दबतो, मग यंत्र अंधारात चाचपडतं आणि कधी निम्मा, कधी दुप्पट आकडा देतं. तिसरं कारण कमी लोकांना माहीत असतं: प्रत्येक ठोका हा एक नमुना धरला तर एका श्वासाला किमान दोन ठोके हवेत. झोपेत नाडी ४० वर जाणाऱ्या धावपटूचा श्वसनदर २० च्या वर गेला तर ठोक्यांच्या अंतरावरून तो ओळखताच येत नाही. बाबांची नाडी मेटोप्रोलॉलने खाली आली असेल, पण त्यांच्या घड्याळात श्वास हालचालीवरून मोजला जातो, म्हणून तिथे हा प्रश्न नाही.

८ आणि २६ चे एकटेदुकटे ठिपके बहुधा कूस बदलताना पकडलेले. शेजारचे ठिपके १५-१६ वर असतील तर त्या एकट्याला काही अर्थ नाही.

पट्टा_आवळा:
सेटिंग. ॲपलमध्ये श्वसनदराची नोंद हवी असेल तर घड्याळाला माणूस झोपलाय हे कळलं पाहिजे. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

आयफोनवरच्या हेल्थ ॲपमध्ये झोपेचं वेळापत्रक लावा आणि स्लीप फोकस (झोपेच्या वेळचा शांत मोड) त्या वेळेला आपोआप चालू होतोय ना ते बघा. मग आयफोनच्या वॉच ॲपमध्ये 'स्लीप' खाली घड्याळाने झोप मोजण्याचा पर्याय चालू हवा. त्याच ॲपमध्ये 'प्रायव्हसी' खाली श्वसनदराचं वेगळं बटण असतं. घड्याळ आधी दुसऱ्या कोणी वापरलं असेल किंवा सुरुवातीला घाईत सगळ्याला नकार दिला असेल तर ते बंद सापडतं. ही सोय वॉचओएस ८ (घड्याळाची सॉफ्टवेअर प्रणाली) पासून, म्हणजे २०२१ पासून आहे, त्यामुळे सिरीज ९ वर नसण्याचं कारण नाही. बॅटरी ३० टक्क्यांच्या वर ठेवून झोपायचं. संध्याकाळी जेवताना चार्जिंगला लावलं की काम होतं. रात्रभर चार्जिंगला ठेवायची सवय असेल तर ती मोडावी लागेल.

आकडा बघताना हेल्थ ॲपच्या 'रेस्पिरेटरी' विभागात जा, श्वसनदर उघडा आणि खाली झोपेपुरता भाग निवडा. वर दिसतो तो पट्टा, किमान ते कमाल. लोक त्या कमाल आकड्याला घाबरतात. रात्रीची सरासरी कुठे आहे ते बघा.

घड्याळाच्या पट्ट्याबद्दल: मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, कोपराच्या बाजूला. घड्याळ बोटाने ढकललं तर कातडीसकट हललं पाहिजे, कातडीवरून सरकता कामा नये. पण सकाळी काचेचा वळ उमटत असेल तर फार घट्ट झालंय. धातूच्या कडीपेक्षा कापडी किंवा वेल्क्रोचा पट्टा झोपेला बरा. गार्मिनसारख्या दिव्याच्या घड्याळाला आणखी दोन गोष्टी नडतात, थंड हात आणि मनगटावरचं गडद गोंदण. मागची काच आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. घाम आणि क्रीमचा थर बसतो.

निद्रालेख:
झोपेच्या तपासण्या करणं हे माझं काम आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर जरा लांब लिहिते. धाग्यातला महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

श्वसनदरावरून श्वास अडकतो का हे कळत नाही. त्याची दोन कारणं आहेत.

घोरणाऱ्यांमध्ये नेहमी आढळतो तो अडथळ्याचा स्लीप ॲप्निया. घशाचा स्नायू सैल पडून वाट बंद होते. हवा थांबते, पण छाती आणि पोट हलतच राहतात, उलट जास्त जोर लावतात. म्हणजे घड्याळ ज्या हालचालीवरून श्वास मोजतं ती हालचाल श्वास अडलेला असतानाही चालूच असते. हिशेबात तो श्वास धरला जातो.

दुसरं कारण सरासरीचं. समजा मिनिटाला १५ श्वासांच्या लयीत कोणाचा श्वास २० सेकंद खरोखर थांबला. पाच श्वास गेले. मग दचकून पुढचे ४० सेकंद तो मिनिटाला २० च्या वेगाने श्वास घेतो, म्हणजे साधारण १३ श्वास. त्या मिनिटाचा आकडा १३. दिसायला अगदी निरोगी! ॲपवाले तर कित्येक मिनिटांची सरासरी काढतात. रात्री तासाला तीस वेळा हे घडत असलं तरी आलेख सपाट येऊ शकतो.

ॲप्नियाचं माप वेगळं असतं. किमान १० सेकंद श्वास थांबणं किंवा ठळकपणे कमी होणं, असे प्रसंग तासाला किती झाले ते मोजतात. ५ पेक्षा कमी ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

सिरीज ९ मध्ये याच्यासाठी वेगळी सोय आहे, तिचा श्वसनदराशी गोंधळ करू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये वॉचओएस ११ सोबत 'ब्रीदिंग डिस्टर्बन्सेस' नावाची नोंद आली. मनगटाच्या बारीक झटक्यांवरून श्वासातले व्यत्यय ओळखून घड्याळ रात्रीला 'वाढलेले' किंवा 'न वाढलेले' असा शेरा देतं आणि ३० दिवसांचा हिशेब करून शंका असेल तर सूचना पाठवतं. त्या ३० दिवसांत किमान १० रात्रींची नोंद हवी. १८ वर्षांखालच्यांसाठी आणि ॲप्नियाचं निदान आधीच झालेल्यांसाठी ती नाही. सूचना हेल्थ ॲपमध्ये एकदा चालू करावी लागते.

सूचना आली तर गांभीर्याने घ्या, खोटा इशारा क्वचित येतो. सूचना आली नाही तर मात्र निर्धास्त होऊ नका. ॲपलनेच जाहीर केलेल्या चाचणीत मध्यम ते तीव्र ॲप्निया असलेल्यांपैकी साधारण ६६ टक्केच सापडले. तीव्र असलेल्यांपैकी ८९ टक्के, मध्यमांपैकी फक्त ४३. सॅमसंगच्या घड्याळांतही अशी सोय आहे. तिला १० दिवसांत चार तासांहून जास्त झोपेच्या दोन रात्री लागतात आणि ती २२ वर्षांवरच्यांसाठी आहे.

तुमच्या बाबांच्या बाबतीत मी घड्याळाची वाटच बघणार नाही. स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी आहे: मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिलाय का, बीपी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर साधारण ४० सेंटिमीटरच्या वर, पुरुष असणं. प्रत्येक 'हो' ला एक गुण. ३-४ म्हणजे मध्यम धोका, ५ पासून पुढे जास्त. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरच घोरणं, बीपी, वय आणि पुरुष मिळून चार झाले. शिंप्याची टेप घेऊन मान मोजा आणि आईला विचारा की घोरणं मध्येच थांबून मग फुर्रकन श्वास येतो का. हो असेल तर सहा-सात गुणांचं प्रकरण आहे.

पुढची पायरी घरी करायची झोपेची चाचणी: नाकाखाली नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर, एक रात्र. छातीविकार तज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ लिहून देतात. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल तर लॅबमध्येच करतात, तिथे मेंदूच्या लहरींसकट सगळं नोंदवलं जातं. घरच्या चाचणीत माणूस जागा किती होता हे नीट कळत नाही, त्यामुळे तासाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. लक्षणं ठळक असून चाचणी साफ आली तर लॅबची मागा.

आणि हो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेची गोळी नको. काही गोळ्या आणि दारू घशाचे स्नायू आणखी सैल करतात.

चाफेकळी:
निद्रालेख ताई, खूप आभार. मान आज मोजते. मग १९-२० चं काय? ते निव्वळ सोडून द्यायचं का? आणि घड्याळ बरोबर मोजतंय का हे घरी तपासता येतं का?

आकडेमोड:
सोडून देऊ नका, पण वाचायची रीत बदला.

मोठ्या माणसाचा विश्रांतीतला दर १२ ते २० धरतात, हे पुस्तकी. या पट्ट्यात १५ वाल्याचा १९ झाला तर पुस्तक 'ठीक' म्हणेल, पण त्या माणसासाठी तो बदल मोठा आहे. झोपेतला श्वसनदर नाडीपेक्षा हट्टी असतो. निरोगी माणसाचा रात्रीगणिक एखाद्या श्वासाने हलतो, त्याहून फारसा नाही. म्हणून तुलना स्वतःच्याच नेहमीच्या आकड्याशी.

मी सुचवेन ती रीत: मागच्या १४ रात्रींचे आकडे एक्सेलमध्ये टाका आणि सरासरीऐवजी मीडियन काढा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. एखादी २६ ची रात्र सरासरीला ओढून नेते, मीडियनला नाही. चार तासांपेक्षा कमी झोपेच्या रात्री आधीच गाळा. नवा आकडा मीडियनपेक्षा २ ने जास्त असेल तर खूण करा, ३ ने जास्त आणि लागोपाठ दोन रात्री असेल तर कारण शोधा. शेजारच्या रकान्यात नाडी आणि मनगटाचं तापमान ठेवा. तिन्ही एकदम चढले तर बहुधा ताप किंवा संसर्ग येतोय. कोविडच्या काळात याच कल्पनेवर अभ्यास झाले, व्हूप आणि फिटबिट या दोन्ही मनगटी यंत्रांच्या आकड्यांवर. काही लोकांत लक्षणांच्या आसपास दर चढलेला दिसला, सगळ्यांत नाही. नाडी चढली पण श्वास तेवढाच, तर आधी उशिराचं जड जेवण, दारू, उकाडा बघा.

एक्सेल नको असेल तर वॉचओएस ११ मधलं 'व्हायटल्स' ॲप हेच करतं. सात रात्रींनंतर तुमचा नेहमीचा पट्टा ठरवतं आणि दोन किंवा जास्त गोष्टी पट्ट्याबाहेर गेल्या की कळवतं. मला तरी ते पुरेसं वाटतं. रोज सकाळी उठून आलेख बघणाऱ्यांची झोप आलेखापायीच उडते.

तपासणी: बाबा गाढ झोपलेले असताना पातळ चादरीवरून छाती-पोट बघून पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, एक श्वास चुकला की चारची चूक. सगळ्यात बरं म्हणजे फोन स्टँडला लावून दहा मिनिटांचं चित्रण करा, मग सावकाश मोजा आणि त्या वेळेच्या ठिपक्याशी जुळवा. एका-दोन श्वासांचा फरक चालेल. पहाटेची वेळ टाळा. तेव्हा स्वप्नांची झोप जास्त असते आणि श्वास मुळातच अनियमित.

आईच्या गार्मिनमध्ये श्वसनदर जागेपणीही दिसत असेल तर आणखी सोपं. खुर्चीत बसून हात मांडीवर स्थिर ठेवायचा, फोनवर मेट्रोनोम लावून मिनिटाला १० च्या लयीत तीन-चार मिनिटं श्वास घ्यायचा. घड्याळ १० च्या जवळ आलं पाहिजे. बोलू नये, बोललं की आकडा बिघडतो.

सावध_वाचक:
एक भर. हा आकडा झोपेतला आहे, आजारपणात जागेपणीचा मोजा. इंग्लंडच्या रुग्णालयांत प्रकृती बिघडतेय का हे ओळखायला न्यूज-२ तक्ता वापरतात, जास्त गुण म्हणजे जास्त धोका. त्यात श्वसनदर १२ ते २० ला शून्य गुण, २१ ते २४ ला दोन, २५ आणि वर गेला की तीन. खालच्या बाजूला ८ किंवा कमी असला तरी तीन. म्हणजे शांत बसलेल्या माणसाचा दर २५ वर असेल, किंवा ओठ निळसर, बोलताना धाप, छातीत दुखणं असेल तर घड्याळ काढून ठेवा आणि रुग्णालय गाठा. हृदय कमजोर असलेल्यांमध्ये रात्रीचा दर काही दिवस हळूहळू चढत जाणं, सोबत पायाला सूज आणि वजनात झपाट्याने वाढ, हे डॉक्टरांना फोन करण्याचं कारण आहे. हेच मी १९-२० बद्दल म्हणेन: एखादी रात्र सोडा, चढती रांग सोडू नका.

मोगरा_७:
दोन-तीन हजारांच्या घड्याळातही 'ब्रेथ रेट' दिसतो. घ्यावं का? आणि पाच वर्षांच्या मुलीला लावलं तर चालेल?

पट्टा_आवळा:
घेण्याआधी दुकानात एक करा: घड्याळ गुंडाळलेल्या रुमालावर किंवा पाण्याच्या बाटलीवर बांधून नाडी मोजायला लावा. काही घड्याळं रुमालालाही ७२ ची नाडी देतात! ज्याला नाडी आणि रुमाल यांतला फरक कळत नाही त्याने नाडीतून काढलेला श्वास कशाला वाचायचा. दुसरी खूण, रोज रात्री न चुकता तोच आकडा, १६ म्हणजे १६. खऱ्या मोजणीत दशांशात तरी हालचाल दिसते आणि काही रात्री रिकाम्या येतात. नोंद नसलेली रात्र दाखवणारं घड्याळ मला जास्त प्रामाणिक वाटतं.

निद्रालेख:
मुलीला नको. या सोयी मोठ्यांच्या आकड्यांवर बेतलेल्या आहेत, लहान मनगटावर पट्टाही नीट बसत नाही. लहान मुलांचा दर मुळातच जास्त असतो. खोकला-ताप असताना शर्ट वर करून पूर्ण मिनिट मोजायचं, मूल शांत असताना, रडताना नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे २ महिन्यांखाली ६० किंवा जास्त, २ ते १२ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जोरात चाललाय, डॉक्टरांकडे न्या. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर आकडा कितीही असो, लगेच.

चाफेकळी:
मान ४२ सेंटिमीटर भरली. आई म्हणते श्वास थांबतो आणि मग एकदम दचकल्यासारखा येतो. म्हणजे सहा झाले, थकवा विचारायचा राहिलाय. तज्ज्ञांची वेळ घेतेय. जाताना काय काय न्यायचं? आणि पुढच्या महिन्यात दोघं लेहला जायचं म्हणताहेत.

निद्रालेख:
घोरण्याचं पाच-दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण, त्यात तो थांबा पकडला गेला तर उत्तम. गोळ्यांची यादी मात्रेसकट. 'ब्रीदिंग डिस्टर्बन्सेस' चा महिन्याचा आलेख असेल तर तो, श्वसनदराचं एकच पान पुरे. एपवर्थ नावाची प्रश्नावली घरीच भरून न्या: वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३. बेरीज २४ पैकी १० च्या वर गेली तर दिवसा झोप जास्त येते असं धरतात. गाडी चालवताना डुलकी येत असेल तर ते आधी सांगा, आणि तपासणी होईपर्यंत लांबचं ड्रायव्हिंग बंद.

लेहचं तज्ज्ञांना विचारूनच ठरवा. तिथली उंची ३५०० मीटर. निरोगी माणसाचाही दर वाढतो, आणि झोपेत श्वास लाटेसारखा चढत जाऊन काही सेकंद थांबतो, परत चढतो. ॲप्नियाची भर त्यात पडली तर ऑक्सिजन आणखी खाली जातो. ॲप्नियासाठी सीपॅप मशीन (झोपेत हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवणारं) लागलं तर ते सोबत न्यावं लागेल आणि त्या उंचीवर ते चालतं का हे कंपनीच्या पुस्तिकेत बघावं लागेल. काही मॉडेलांची मर्यादा २५०० मीटरच्या आसपासच असते. तिकिटं काढली नसतील तर आधी चाचणी.